गरम असताना सुरू न होणारा जुना ट्रक: दोष कसा शोधायचा

थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं आणि गरम इंजिन उठत नाही, एवढं ऐकल्याबरोबर जो मेकॅनिक ‘कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल’ म्हणतो, त्याच्याकडे गाडी टाकू नका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. रिंगा-लायनर झिजले किंवा वॉल्व्ह गळायला लागले तर त्रास आधी डिसेंबरच्या पहाटे होतो, कारण तेव्हा सिलिंडरच्या गार भिंती ती उष्णता शोषून घेतात. गरम इंजिनाला ही अडचण नसते. सकाळी बिनतक्रार उठणारी गाडी दुपारी अडत असेल तर उष्णतेने बिघडणारी वस्तू शोधायची: सेल्फ आणि त्याच्या वायरी, इंजिन बंद करायची केबल किंवा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा खटका), डिझेलचा पुरवठा, नाहीतर खुद्द डिझेल पंप. जुन्या गाडीत पंपावरचा संशय पुष्कळदा खरा निघतो. पण पंपाचं काम सगळ्यात महाग, म्हणून त्याची पाळी शेवटी.

इथे धरलेली इंजिनं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नसलेली जुनी: टाटा १२१०, १६१२, १६१३ मध्ये येणारं ५६७५ सीसीचं सहा सिलिंडर ६९७, ७०९ मधलं चार सिलिंडर ४९७, आणि रोटरी पंपावर चालणारी लहान टेम्पो-पिकअपची इंजिनं. कॉमन रेलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सने डिझेल सोडणाऱ्या, गाड्यांचं गणित वेगळं, त्यांना हे लावू नका.

आधी तुमचा पंप कोणता ते बघा. लांबट पंप, वरच्या बाजूला सिलिंडर तितक्या नळ्या एका रांगेत, तो इनलाइन. जुन्या पंपांच्या पाटीवर ‘मायको’ असं नाव दिसेल. गोल, आटोपशीर पंप आणि सगळ्या नळ्या एका टोकाच्या हेडमधून गोलाकार निघालेल्या, तो रोटरी. पुढच्या काही चाचण्या एकाला चालतात, दुसऱ्याला चालत नाहीत.

दोष हजर असताना पकडा

गाडी गॅरेजला नेईपर्यंत इंजिन निवतं आणि मग सगळं ठीक दिसतं. निम्मं चुकीचं निदान इथेच होतं. इंजिन बंद केलं की पाण्याचा पंप आणि पंखा थांबतात, पण ब्लॉकमधली उष्णता कुठे जात नाही. ती आजूबाजूच्या सेल्फमध्ये, पंपात, नळ्यांमध्ये झिरपते. म्हणजे गाडी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी हे भाग चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापलेले असतात. कसारा घाट चढून इगतपुरीला जेवायला थांबणाऱ्याची गाडी अडते आणि टोलनाक्यावर दोन मिनिटं बंद केलेली लगेच उठते, ते यामुळे.

म्हणून भरल्या गाडीने तासभर चालवा, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या. मग गाडी बंद करून लगेच एकदा, पाच मिनिटांनी, वीस मिनिटांनी आणि तासाने सेल्फ मारून बघा आणि काय झालं ते लिहून ठेवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला लाकडी ठोकळा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान मिनिटभर थांबा. तापलेला सेल्फ सलग दाबून ठेवला तर तपासणी संपायच्या आत तोच जळेल.

सेल्फ चालू असताना एकाला सायलेन्सरकडे उभं करा. धूरच नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही किंवा फारच कमी पोचतंय. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही: फिरण्याचा वेग कमी, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) टपकतंय किंवा टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) मागे आहे. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर काढून बघा.

इंजिन किती वेगाने फिरतं ते मोजा

‘सेल्फ बरा फिरतोय’ हे कानाने ठरवू नका. क्रँक पुलीवर खडूने ठळक रेघ मारा. इंजिन बंद करायची दांडी ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि पाच सेकंद सेल्फ मारताना पुलीचा मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. रेघ किती वेळा वर आली ते मोजून बाराने गुणा. पाच सेकंदांत बारा-तेरा फेरे म्हणजे सुमारे १५० आरपीएम, चांगला वेग. शंभरच्या खाली गेला तर डिझेल इंजिन उठेलच याची खात्री नाही. हेच मोजमाप सकाळी थंड इंजिनावर एकदा घेऊन ठेवा. गरम इंजिनात ऑइल पातळ झालेलं असतं, त्यामुळे ते थंडपेक्षा हलकं फिरायला हवं. उलटं होत असेल, गरम असताना सेल्फ कुथत असेल, तर डिझेलकडे बघायचं कारण नाही, आधी वीज.

सेल्फ, बॅटरी, वायरी

मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या मिळून २५.२. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक जुनी आणि एक नवी जोडलेली असेल तर जुनी नवीलाही खाली ओढते. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली आणि २४ ची जोडी १९ च्या खाली जायला नको.

इथे एक फसवा प्रकार असतो. रात्री बॅटरीला चार्जर लावला जातो, सकाळी गाडी झोकात उठते, पण अल्टरनेटर नीट चार्ज करत नाही. दिवसभर थांबत-थांबत माल उतरवणाऱ्या गाडीची बॅटरी दुपारपर्यंत बसते आणि मालकाला वाटतं इंजिन गरम झालं म्हणून अडतंय. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२ च्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ च्या गाडीत २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत. हे आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

बॅटरी ठीक असेल तर वायरी. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवा (लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पकडीवर नाही, कारण लग आणि पोल यांच्यामधला गंजच कित्येकदा चोर असतो) आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. गरम इंजिनावर सेल्फ मारताना मीटर जेवढे व्होल्ट दाखवेल तेवढे त्या वायरीत वाया जातायत. १२ च्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि २४ च्या गाडीत एक व्होल्टपेक्षा जास्त नको. तीच मोजणी बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, तिथे ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. जुन्या ट्रकमध्ये इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटलेली किंवा रंगावर आवळलेली असते. ती काढून दोन्ही जागा चकाकेपर्यंत घासा. मग सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये: सेल्फ फिरत असताना ०.३ पेक्षा जास्त आलं तर आतले तांब्याचे काँटॅक्ट जळलेत.

तांब्याची वायर तापली की तिचा अवरोध वाढतो, ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली तर जवळपास पाव हिस्सा. चांगल्या सेल्फला याने फरक पडत नाही. काठावर चाललेल्या सेल्फचा तेवढ्यानेच दम जातो. नुसतं ‘टक्’ वाजून सेल्फ गप्प बसत असेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर किल्ली फिरवलेली असताना किती व्होल्ट येतात ते बघा. तिथे फार कमी मिळत असतील तर किल्लीच्या स्विचपासून येणारी वायर जुनाट झालीय, मध्ये रिले बसवा. आणि बॅटरी, वायरी, सोलेनॉइड सगळं ठीक असूनही गरम सेल्फ कुथत असेल तर तो खोला: बुश झिजल्यावर आर्मेचर (सेल्फचा आत फिरणारा भाग) खाली बसतं आणि फिल्डच्या पोलला घासतं. आर्मेचरच्या लोखंडावर घासल्याच्या चकचकीत पट्ट्या दिसतील. नुसते कार्बन बदलून असा सेल्फ परत लावू नका, बुश बदला.

दांडी पूर्ण परत येते का

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो, तरी कोणी बघत नाही. बंद करायच्या केबलचं बाहेरचं कव्हर एक्झॉस्टजवळ वितळलेलं असतं, गरम झालं की केबल आत चिकटते आणि पंपावरची दांडी ‘बंद’च्या जागेवरून पूर्ण मागे येत नाही. गरम असताना बॉनेट किंवा केबिन उचलून ती दांडी हाताने ‘चालू’च्या बाजूला ढकला. आणखी सरकली तर दोष सापडला. सोलेनॉइडने बंद होणारी गाडी असेल तर गरम असताना किल्ली चालू-बंद करून ‘टक्’ ऐका. येत नसेल तर बॅटरीवरून फ्यूज लावलेली स्वतंत्र वायर देऊन बघा. वायर दिल्यावरही हलत नसेल तर कॉइल तापल्यावर तुटतेय.

इनलाइन पंपाच्या गव्हर्नरमध्ये (वेगाप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या भागात) सुरू करताना नेहमीपेक्षा जास्त डिझेल द्यायची सोय असते आणि बऱ्याच पंपांत ती ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय मिळत नाही. गरम गाडी आहे म्हणून पाय न लावता सेल्फ मारायची सवय असेल तर आधी पूर्ण दाबून बघा. अशाने उठत असेल तर ती दुरुस्ती नव्हे, पण डिझेल कमी पडतंय हे कळलं.

डिझेल पंपापर्यंत पोचतंय का

हवा पकडणारी गाडी बहुधा सकाळीही त्रास देते, कारण रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळी अगदी पहिल्या फेऱ्याला उठत असेल तर हवेवरचा संशय कमी करा. पूर्ण सोडू मात्र नका: तापल्यावर मऊ पडणारी रबरी नळी आणि फीडपंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणाऱ्या लहान पंपाचा) हातपंप फक्त गरम असतानाच गळू शकतात.

फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या वाटेत हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा, क्लिप दोन्हीकडे घट्ट. इंजिन चालू असताना आणि गरम बंद करून वीस मिनिटांनी सेल्फ मारताना नळीत बघा. एखाददुसरा बारीक बुडबुडा सोडून द्या. सलग फेस किंवा बुडबुड्यांची रांग दिसली तर टाकीपासून फीडपंपापर्यंतचा प्रत्येक जोड बघा. हवा ओढली जाते ती बहुधा याच भागात, कारण इथे डिझेल दाबाने नाही तर ओढीने येतं. त्यामुळे बाहेर डिझेलचा थेंबही न दिसता जोड हवा घेऊ शकतो. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर एकदा दबलेले पुन्हा वापरू नका.

फीडपंपाचा जोर जोखायला गरम असताना हातपंप मारून बघा. आठ-दहा वेळा मारल्यावर हाताला कडक लागला पाहिजे. कडक लागल्यावर लगेच सेल्फ मारला आणि गाडी उठली, तर फीडपंपाचे वॉल्व्ह किंवा पिस्टन थकलेत, नाहीतर पंपाच्या गॅलरीतून (आतल्या डिझेलच्या वाटेतून) डिझेल परत जाऊ देणारा ओव्हरफ्लो वॉल्व्ह ढिला आहे. ओव्हरफ्लो वॉल्व्ह ओळखायची युक्ती सोपी: सेल्फ मारताना एकाने रिटर्नची रबरी नळी पक्कडीने काही सेकंद दाबून धरायची. तेवढ्याने उठली तर वॉल्व्हची स्प्रिंग बदला, काम संपलं. हे फक्त फीडपंप असलेल्या इनलाइन पंपावर करायचं. रोटरी पंपाची रिटर्न नळी दाबू नका, आतल्या केसिंगचा दाब वाढून सील फुटतं.

टाकी तळाला गेलेली असताना उन्हाळ्यात हा त्रास वाढतो, कारण पंपाकडून गरम होऊन परत येणारं डिझेल थोड्याशाच डिझेलमध्ये मिसळतं. आणि रॉकेल मिसळलेलं डिझेल भरलं असेल तर चाचण्या करण्यात अर्थ नाही. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ; जो पंप चांगल्या डिझेलवर कसाबसा निभावतो तो रॉकेलवर हमखास अडतो. टाकी रिकामी करून खात्रीच्या पेट्रोल पंपावरचं डिझेल भरा, फिल्टर बदला आणि मग पुन्हा सुरुवात करा.

पंप झिजला आहे का: पाण्याची चाचणी

पंपाचा प्लंजर (वर-खाली होणारा दांडा) आणि त्याचं नळकांडं म्हणजे बॅरल (रोटरीत हेड आणि रोटर) यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. तिथे रिंग नाही, सील नाही. डिझेलच्या घट्टपणावरच दाब टिकतो. तापलं की डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. नोझल उघडायला साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो, तो तयारच होत नाही.

मग रस्त्यावर ओढ का चांगली असते? कारण सेल्फवर इंजिन १५० ने फिरतं तेव्हा पंप ७५ नेच फिरतो. प्लंजर सावकाश वर जातो आणि डिझेलला निसटायला भरपूर वेळ मिळतो. इंजिन चालू झालं की तीच फट असूनही वेळ उरत नाही. ‘पिकअप झकास आहे, पंपाला काही झालेलं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तसंच, टोचन करून ओढली आणि लगेच उठली म्हणून सेल्फ खराब असंही म्हणता येत नाही. ओढल्याने इंजिन जोरात फिरतं आणि झिजलेला पंपही तेवढ्यापुरता दाब देतो. धक्का मारून या दोघांमधला फरक कळत नाही. वेग मोजूनच कळतो.

चाचणी अशी. गाडी गरम, दोनदा सेल्फ मारून उठलेली नाही, पुलीचा वेग बरोबर आहे हे बघितलेलं आहे. इंजिन बंद. रोटरी पंपाच्या हेडवर, म्हणजे नळ्या निघतात त्या टोकावर, जाड सुती फडकं गुंडाळा आणि त्यावर साधं पाणी हळूहळू ओता, तीन-चार मिनिटांत दोन-तीन लिटर. पाणी तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा ब्लॉकवर पडता कामा नये, बीड तडकतं. सेल्फ आणि अल्टरनेटरवर प्लास्टिक झाका. मग सेल्फ मारा. सहज उठली तर हेड-रोटर झिजलेत. इंजिन फिरत असताना पाणी कधीच ओतू नका: बाहेरचं हेड झटकन आकसतं, आतला रोटर गरमच असतो आणि फिरता-फिरता जाम होतो.

इनलाइन पंप जड असतो, त्याला जास्त वेळ लागतो. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मध्येमध्ये पाणी ओतत राहा, पाच लिटर तरी लागेल. दहा मिनिटांत इंजिनही थोडं निवतंच, तेव्हा निष्कर्ष काढण्याआधी उलट चाचणी करा: दुसऱ्या खेपेला तशीच गरम अडल्यावर तेवढाच वेळ पाणी न ओतता थांबा. पाण्याने उठली आणि नुसतं थांबून नाही उठली, तरच दोष पंपाचा.

आणखी एक खूण. गरम असताना नोझलच्या नळीचा नट एक फेरा सैल करा आणि सेल्फ मारायला सांगा. चांगल्या पंपाने ठसके देत डिझेल उडतं, झिजलेल्याने नुसतं पाझरतं. थंड असताना हेच करून तुलना करा. डोळ्यांवर चष्मा हवा आणि उडणाऱ्या धारेजवळ हात नको. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी वाईट असते.

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी उठवणारे भेटतील. गरम इंजिनात पेट्रोल वेळेआधी भडकतं आणि पिस्टनच्या रिंगांची बैठक तुटते. मग मात्र इंजिन खरंच खोलावं लागतं.

उरलेले, कमी वेळा सापडणारे

टॅपेट (वॉल्व्हच्या दांड्यापाशी ठेवायची फट) फार घट्ट ठेवले असतील तर तापल्यावर वॉल्व्हचा दांडा लांबतो आणि वॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंडीत ठीक, गरमीत कॉम्प्रेशन कमी, असा हा एकच नेहमीचा मार्ग. ६९७ ला थंड इंजिनावर साधारण इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मि.मी. ठेवतात, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये पडताळून फिलर गेजने लावा. नुकतंच काम झालेलं इंजिन तापल्यावर जड फिरत असेल तर पिस्टन-लायनर किंवा बेअरिंग घट्ट बसलेत; गरम असताना क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. आणि काटा मुळातच नेहमीपेक्षा वर जात असेल तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा. ते दुरुस्त होईपर्यंत बाकी कशाचंही निदान करू नका.

पंप दुकानात देताना

पंपाच्या टेस्ट बेंचवर ऑइल साधारण ४० अंशांना ठेवलेलं असतं. तुमच्या गाडीत पंप त्याच्या कितीतरी वर तापतो. त्यामुळे ‘बेंचवर पास आहे’ हे ऐकून पंप परत आणू नका. सेल्फच्या वेगाला, म्हणजे पंपाच्या ७५ ते १०० आरपीएमला, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) सुरू करायच्या जागेवर ठेवून प्रत्येक नळीतून किती डिझेल पडतं ते मोजून द्यायला सांगा आणि पंपाच्या तक्त्यातल्या आकड्याशी समोर ताडून बघा. एलिमेंट (प्लंजर-बॅरलच्या जोड्या) बदलायचे तर सगळे, डिलिव्हरी वॉल्व्हसकट. सहातले दोनच नवे घातले तर इंजिन लंगडतं. नोझल त्याच वेळी सोबत द्या. टपकणारी नोझल तशीच ठेवली तर नवा पंप घालूनही पांढरा धूर राहील.

पंप काढण्याआधी कपलिंग आणि बॉडीच्या खुणा बघून ठेवा, नसतील तर छिन्नीने बारीक मारा. परत बसवल्यावर टायमिंग मॅन्युअलप्रमाणे लावा, तांब्याचे सगळे वॉशर नवे घाला, फिल्टरपासून सुरू करून पंपाची आणि शेवटी नोझलच्या नळ्यांची हवा काढा. मग भरल्या गाडीने तासभर फिरवून, वीस मिनिटं बंद ठेवून, मेकॅनिकसमोर सेल्फ मारा. बिल त्यानंतर.